दुडक्या चालीची घोडी

मराठ्यांच्या लष्करांत घोडेस्वारांचे दोन वर्ग असत. ज्याच्या मांडीखालचा घोडा सरकारी पागेंतला तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. वयाची पन्नाशी येईपर्यंत माझा या दोन्ही वर्गांशीं काडीचाहि संबंध नव्हता. ओहायो राज्यांत बस्तान बसून वीस वर्षें झाल्यावर, ज्या वयांत इतर लोक गुडघ्यांना तेल चोळूं लागतात त्या वयांत, मीं एका अश्वारोहणशाळेंत नांव घातलें. तेव्हांपासून चार वर्षें मीं इमानानें बारगिरी केली. शाळा देईल तें जनावर, शाळा म्हणेल ती वेळ. आणि तास संपला कीं खोगीर उतरवून, खरारा करून, घोडा शाळेच्या हवालीं.

बारगिराला एक सुख असतें. घोडा चांगला निघाला तर स्वारी आपली. वाईट निघाला तर घोडा सरकारचा. गेल्या शरदांत माझें हें सुख संपलें. शर्यतींतून निवृत्त झालेला एक थरोब्रेड त्या दिवशीं माझ्या वांट्याला आला होता. कुंपणाच्या तारेला अडकलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्यानें फडफडली, घोडा एका उडीसरशीं उजवीकडे गेला, आणि मी जेथें होतों तेथेंच, परंतु घोड्याशिवाय, राहिलों. हांसळीचें हाड मोडलें. सहा आठवडे हात झोळींत होता. त्या सहा आठवड्यांत घरांत एकहि टोमणा ऐकूं आला नाहीं, ही गोष्ट मला हाडापेक्षां अधिक लागली. झोळी निघाली त्या दिवशीं मात्र सौभाग्यवती शांतपणें म्हणाली, "अहो, घोड्यावर बसूं नका असें मी म्हणणार नाहीं. पण यापुढें जें काय असेल तें आपलें असूं द्या, ओळखीचें असूं द्या, आणि पिशवीला भिणारें नको."

म्हणजे शिलेदार होण्याची परवानगी मिळाली. आणि तेथेंच घोडें पेंड खाऊं लागलें. कारण परवानगी मिळणार नाहीं अशा खात्रीनें मी इतके दिवस निर्धास्त होतों, आणि कोणता घोडा घ्यावा याचा विचार मीं कधीं केलाच नव्हता.

आमच्या भागांत अ‍ॅमिश पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. हे लोक मोटार बाळगीत नाहींत. बाजाराला आणि प्रार्थनेला घोड्याच्या काळ्या बग्गींतून जातात. सकाळीं चहा घेतांना त्यांच्या घोड्यांच्या टापांचा ताल खिडकींतून ऐकूं येतो. वीस वर्षें तो माझ्या कानांवर पडत होता, पण त्यामागचा घोडा मीं कधीं निरखून पाहिला नव्हता. आतां पाहूं लागलों. अवजड मालमोटार हातभर अंतरावरून गर्जत जाई, आणि बग्गीचा कुमाईत घोडा कान सुद्धां हलवीत नसे. मनांत आलें, आपल्याला हवें तें जनावर रोज आपल्या दारावरून जात आहे.

शाळेच्या नालबंदाला मीं विचारलें. तो म्हणाला, हे बहुतेक स्टँडर्डब्रेड. गाडीच्या शर्यतींतून उतरलेले, किंवा त्यांचे संकर. मग नाल ठोकतां ठोकतां सहज बोलल्यासारखें त्यानें सांगितलें कीं, दरीपलीकडच्या एका शेतकऱ्याला अशीच एक घोडी विकावयाची आहे. बाप स्टँडर्डब्रेड, आई मॉर्गन, वय नऊ.

मी पाहावयास गेलों. घोडी कुमाईत, खांद्यापाशीं साठ इंच उंच, मागच्या एका पायांत पांढरा मोजा. डोकें जरा मोठें, पण डोळा शांत. तिचा मालक उंच, दाढीवाला आणि मितभाषी होता. "घोडी कां विकतां?" या प्रश्नाला घोडे विकणारे काय उत्तरें देतात तें मला चार वर्षांत पाठ झालें होतें. कोणाची मुलगी कॉलेजांत गेलेली असते, कोणाला वेळ मिळेनासा झालेला असतो. घोडा मात्र नेहमींच निर्दोष असतो. या मनुष्यानें क्षणभर जमिनीकडे पाहिलें आणि म्हटलें, "हिला एक खोड आहे. चढ लागला कीं दुडकी सोडते आणि उसळ्या घेत धांवते. बग्गींत बायकामुलें असतात. तीन वर्षें समजूत घातली, जात नाहीं." महिनाअखेरच्या शुक्रवारीं तो तिला गुरांच्या बाजारांत लिलावाला नेणार होता.

ही खोड म्हणजे काय, हें कळण्यासाठीं या जातीची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. स्टँडर्डब्रेड ही अमेरिकेंत गाडीच्या शर्यतीसाठीं घडलेली जात. नांवांतील 'स्टँडर्ड' म्हणजे कसोटी. एक मैल अंतर दुडक्या चालीनें 2 मिनिटें 30 सेकंदांत तोडणें, ही ती कसोटी 1879 सालीं पैदासकारांच्या संघानें ठरविली. 'लेडी सफोक' नांवाच्या करड्या घोडीनें 1845 मध्यें ही मर्यादा प्रथम ओलांडली, तेव्हां तो चमत्कार वाटला होता. 2022 सालीं 'बुलडॉग हॅनोव्हर' हा घोडा तेंच अंतर 1 मिनिट 46 सेकंदांहूनहि किंचित् कमी वेळांत तोडून गेला. या कुळाचा मूळपुरुष 'हॅम्बल्टोनियन' 1849 मध्यें न्यूयॉर्क राज्याच्या ऑरेंज परगण्यांत जन्मला. त्याची आई लंगडी होती. विल्यम रिसडिक नांवाच्या शेतगड्यानें ती लंगडी घोडी आणि तिचें शिंगरूं मिळून 125 डॉलरांना घेतलें, आणि त्या शिंगराला पुढें 1331 पोरें झालीं. आज अमेरिकेंत गाडीची शर्यत धांवणारा बहुतेक प्रत्येक घोडा आपला वंश त्याच्यापर्यंत नेतो. हॅम्बल्टोनियनचा पणजा 'मेसेंजर' मात्र 1788 सालीं इंग्लंडांतून फिलाडेल्फियास आणलेला थरोब्रेड होता. म्हणजे माझी हांसळी मोडणाऱ्याच्या जातीचें रक्त येथेंहि होतेंच. सौभाग्यवतीला मीं हा तपशील सांगितला नाहीं.

या जातीच्या चाली दोन. एक दुडकी, हींत पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम उचलतो, मग उरलेले दोन. दुसरी एकांगी चाल. उंटाप्रमाणें एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात. शर्यत यांपैकीं एका चालीनें पुरी करावी लागते. चाल मोडून घोडा चौखूर धांवूं लागला तर हांकणाऱ्याला त्याला आवरून मागें घ्यावें लागतें. एकांगी चालीच्या बहुतेक घोड्यांच्या पायांत तर ती मोडूं नये म्हणून पट्टे अडकविलेले असतात. दीडशें वर्षें या कुळाला एकच धडा दिला गेला: वेग कितीहि वाढो, पण धांवावयाचें नाहीं. स्वाराला मात्र दुडकीनंतर हवी असते ती कँटर, तीन ठेक्यांची झोक्यासारखी चाल. आणि तीच या घोड्यांना येत नाहीं अशी त्यांची ख्याति. म्हणूनच शेतकऱ्यानें खोड म्हणून सांगितली ती गोष्ट ऐकतांच माझे कान टवकारले. गाडीची ती खोड, पण खोगिराचा तो गुण!

शाळेंतल्या माझ्या शिक्षिकेला हें पटलें नाहीं. "तें जनावर नव्हे, शिवणाचें यंत्र आहे," ती म्हणाली. "खडखड पुढें जाईल, पण तुम्हांला त्यावर बसतां यावयाचें नाहीं." मीं वाचलेला सारा इतिहास तिच्यापुढें मांडला. अमेरिकेंतल्या पहिल्या दुडकीच्या शर्यती पाठीवर स्वार बसवूनच होत, गाडी मागून आली. 1938 सालीं 1 मिनिट 55¼ सेकंदांचा विक्रम करणारा 'ग्रेहाउंड' 1940 मध्यें फ्रान्सेस डॉज या बाईंना पाठीवर घेऊन 2 मिनिटें 1¾ सेकंदांत मैल धांवला. फ्रान्समध्यें व्हँसेनच्या मैदानावर दुडकीच्या स्वारीच्या शर्यती आजहि होतात. तिनें सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "तुम्ही घोड्यावर बसणार आहांत कीं ग्रंथावर?"

घोडामैदान जवळच होतें. शेतकऱ्याच्या परवानगीनें, शिक्षिकेला बरोबर नेऊन, मीं स्वारी करून पाहिली. पाठीवर खोगीर ठेवूं देण्यास घोडीनें कांहीं हरकत घेतली नाहीं. मागच्या उन्हाळ्यांत शेतकऱ्याचीं मुलें तिच्यावर उघडींच बसत असत. परंतु माझ्या पायाचा इशारा तिला मुळींच कळेना. टांच लागली कीं कुतूहलानें मागें वळून पाही. गाडीच्या घोड्याला टांच कुठली ठाऊक असणार! वळतांना होडीसारखें लांब वळण घेई. मीं घाबरून लगाम ओढला तर थांबण्याऐवजीं तिनें मान ताणून वेग वाढविला; कारण तिला लावलेल्या वळणाप्रमाणें ताठ लगाम म्हणजे 'चल', आणि ढिला लगाम म्हणजे 'पुरे'. शिक्षिका ओरडली, "सोडा! हात सोडा!" भीतीच्या क्षणीं हात ढिला सोडणें ही गोष्ट मला चार वर्षांत जमली नव्हती. ती त्या दिवशीं जमली, आणि घोडी चार पावलांत चालीवर आली.

मग आम्ही कुरणाच्या चढाला लागलों. तिची दुडकी लांब होत गेली, वाढत गेली, आणि एकाएकीं खालचा खडखडाट थांबला. एक, दोन, तीन, असे तीन झोके मला लागले. चौथ्याला ती पुन्हां दुडकीवर आली आणि तिनें दोन्ही कान माझ्याकडे वळविले. शिव्या खाण्याची वाट पाहणाऱ्या मुलाचे कान असेच होत असतील. मीं तिच्या मानेवर थाप मारली. तिला तिचा अर्थ कळला नसावा.

या तीन झोक्यांना शास्त्राचा आधार आहे कीं हा माझ्या इच्छेचा खेळ, हें पाहणें जरूर होतें. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं 2012 सालीं 'नेचर' साप्ताहिकांत प्रसिद्ध केलें कीं, घोड्याच्या चालीवर 'डीएमआरटी3' नांवाच्या एका जनुकाचा मोठा प्रभाव असतो. पाय कोणत्या क्रमानें पडावेत हें ठरविणाऱ्या, पाठीच्या कण्यांतील कांहीं मज्जापेशींशीं त्याचा संबंध आहे. त्या जनुकांत एका अक्षराचा बदल झाला कीं घोड्याला विशेष चाली साधतात आणि भर वेगांतहि दुडकी मोडून धांवण्याकडे त्याचा कल होत नाहीं. स्टँडर्डब्रेडांपैकीं जवळजवळ सर्वांत या बदललेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती असतात. मॉर्गनमध्यें ती क्वचितच सांपडते. मग या दोघांच्या लेकरांत बापाकडून आलेली एक प्रत असणार आणि आईकडून आलेली दुसरी, साधी.

आयाळीचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेकडे पाठविले. उत्तर आलें: एकच प्रत. घोडीचे कागदपत्र नव्हते, मानेवर स्टँडर्डब्रेडांच्या नोंदणीची खूण नव्हती. बापाचें नांव म्हणजे शेतकऱ्याचा शब्द होता. त्या शब्दाशीं हें उत्तर जुळत होतें. एकहि प्रत निघाली नसती तर तो खोटा ठरण्याचा संभव होता. तिची खोडहि आतां निराळी दिसूं लागली. तीन वर्षें जिची समजूत घातली जात होती ती उसळी हट्टाची नव्हती. ती तिच्या आईकडून आली होती.

माझे आजोबा असते तर त्यांनीं केस उपटले नसते; नुसते पाहिले असते. त्यांच्या लहानपणीं देशावर घोडा पारखीत तो अंगावरच्या भोवऱ्यांवरून. कपाळावर एक भोवरा कीं दोन, गळ्यापाशीं देवमण आहे कीं नाहीं, यावर सौदा होई किंवा मोडे. अशुभ जागीं केसांची गोम सांपडली कीं उत्तम घोडाहि दारांतून परत जाई. आम्ही लहानपणीं या गोष्टींना हंसत असूं. परंतु प्रयोगशाळेचें पाकीट उघडतांना माझा हात किंचित् कांपला तेव्हां मला वाटलें, आजोबा आणि मी एकाच गोष्टीचा शोध घेत होतों. हें जनावर आपल्याला दगा देणार नाहीं अशी कोणी तरी लेखी हमी द्यावी, अशी दोघांचीहि इच्छा.

ती हमी पशुवैद्यानेंहि दिली नाहीं. दांत पाहून वय बरोबर असल्याचें त्यानें सांगितलें. मागचा डावा पाय दुमडून मिनिटभर धरला आणि सोडतांच तिला दुडकत नेलें. पहिलीं तीन-चार पावलें ती किंचित् लंगडली. क्षकिरणांच्या चित्रांत मधल्या सांध्याच्या खालच्या भागांत संधिवाताची सुरुवात दिसली. वर्षानुवर्षें डांबरी सडकेवर दुडकत गेल्याचें हें फळ असावें. "हलक्या स्वारीला हरकत नाहीं," वैद्य म्हणाला. "किती वर्षें, तें मी सांगणार नाहीं." मग त्यानें माझ्याकडे, विशेषतः माझ्या मध्यभागाकडे, पाहिलें. घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक भार त्याच्यावर घालूं नये असा प्रघात आहे. घोडी 950 पौंडांची. पांचवा हिस्सा 190. मी आणि खोगीर मिळून 187. तीन पौंडांची सवड होती, आणि दिवाळी तोंडावर आली होती.

आतां शुक्रवार चार दिवसांवर आला. लिलावाच्या बाजारांत स्वारीसाठीं घोडे घेणारे असतात, बग्गीसाठीं घेणारे असतात, आणि ज्यांच्यावर कोणी बोली लावीत नाहीं ते वजनावर घेणारेहि असतात. अमेरिकेंतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने 2007 सालीं बंद झाले. परंतु त्यामुळें तेथें जाणारा रस्ता बंद झाला नाहीं, लांबला. घोडे मालमोटारींतून कॅनडांत आणि मेक्सिकोंत जाऊं लागले. लंगडीची सुरुवात असलेली, कागद नसलेली, बग्गीला नालायक ठरलेली नऊ वर्षांची घोडी यांपैकीं कोणाच्या हातीं पडेल, हें सांगतां येत नव्हतें.

या विचारानें मला झोंप येईना. आणि झोंप येत नाहीं हीच गोष्ट मला संशयास्पद वाटूं लागली. मी ही घोडी पारखून घेत होतों कीं दया येऊन? दयेनें घेतलेलें घोडें हा मोठा महाग सौदा असतो. दया एका दुपारची असते. गवत मात्र रोज लागतें. घोडा पंचवीस-तीस वर्षें जगतो. ती चोवीस वर्षांची होईल तेव्हां मी एकुणसत्तर वर्षांचा असेन. दोघांच्याहि सांध्यांचा तेव्हां काय हिशेब असेल? माझ्याच्यानें बसवेनासें झालें, किंवा तिच्याच्यानें भार वाहवेनासा झाला, तर पुन्हां तोच शुक्रवार आणि तोच बाजार. मग आज तिला सोडविली असें म्हणण्यांत काय अर्थ? नुसती तारीख पुढें ढकलली एवढेंच.

बुधवारीं मी सौभाग्यवतीला घेऊन गेलों. घोड्यांजवळ ती कधीं जात नाहीं. कुंपणापाशीं उभी राहून तिनें घोडीकडे बराच वेळ पाहिलें. मग आपल्या थैलींतून प्लास्टिकची एक पिशवी काढली, ती चांगली उलगडली, आणि हात लांब करून घोडीच्या तोंडापुढें फडफडविली. मीं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हां घोडीनें मान पुढें काढून पिशवींत तोंड घातलें होतें. आंत कांहीं नाहीं असें पाहून ती किंचित् निराश दिसली.

"ही घ्या," सौभाग्यवती म्हणाली. आणि मी कांहीं बोलण्यापूर्वींच पुढें म्हणाली, "पण घ्यायची तर शेवटपर्यंत घ्यायची. तुम्हांला बसतां येवो न येवो, ही पुन्हां बाजारांत जाणार नाहीं. तसें आत्तां इथें सांगा. नाहीं तर घरीं चला."

चार रात्री ज्या प्रश्नाभोंवतीं मी घिरट्या घालीत होतों तो तिनें दोन वाक्यांत पुढें ठेवला होता. उत्तर द्यावयास मला वेळ लागला, हें मी लपवीत नाहीं. धांवेल काय, सांधा टिकेल काय, जनुक किती, हे सारे प्रश्न मीं घोडीबद्दल विचारले होते. तिच्या बाजूनें एकच प्रश्न विचारावयाचा होता, आणि तो माझ्याबद्दल होता. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे म्हणजे काय, तें मला कुंपणापाशीं कळलें. घोड्याचें वाईट झालें तर तें सरकारच्या माथीं मारण्याची सोय त्याला नसे.

मीं होय म्हटलें. शेतकऱ्यानें पैसे मोजून घेतले, आणि घोडीची दोरी माझ्या हातीं देतांना पुन्हां एकदां बजावलें, "चढाला सांभाळा हं; मोडते ती."

या गोष्टीस आठ महिने झाले. टांचेचा अर्थ तिला आतां कळतो, आणि ढिल्या हाताचा मला. दुडकी अजून शिवणयंत्राचीच आहे. चढावर तिचे तीन झोके आतां दहाबारांवर आले आहेत; सपाटीवर मात्र ती धांवत नाहीं, आणि मीहि घाई करीत नाहीं. प्रत्येक वेळीं झोके संपले कीं तिचे कान मागें वळतात. बोलणीं बसतील म्हणून ती अजून क्षणभर थांबते. मी मानेवर थाप मारतों. तीन वर्षें तिची जी समजूत घातली गेली ती उलगडावयास आणखी तीन वर्षें लागतील, असा माझा अंदाज आहे. तेवढी सवड आम्हां दोघांनाहि आहे.